तांब्याभर पाणी आणि तीन मजली काच

एसटीच्या कंडक्टरकडं किस्से असतात, न्हाव्याकडं असतात, हे सगळ्यांना पटतं. पण काचा धुणाऱ्याकडं? लोक म्हणतात, "काच घाण होती, साफ झाली, त्यात काय किस्सा?" अहो, आमचा साठ मीटर पाईप गुंडाळायला पाव तास लागतो, आणि तेवढ्यात रोज एखादा जुना किस्सा निघतोच. दुसऱ्या दिवशी पाईप सोडायचा, काम करायचं, की नवा तयार! असे साठतच जातात.

आम्ही तिघं. मी बाळू, उमरग्याचा. महादेवअण्णा मूळचे ईटचे. आणि कमलाक्का. छोट्या टेम्पोत पाण्याची टाकी, मोटर, पाईप आणि तीस फुटी काठी. काठीच्या टोकाला ब्रश, पाईप काठीतूनच वर जातो. खाली उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच धुवायची. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, वाळलं की काचेवर पांढरे ठिपके. म्हणून पाणी घरून फिल्टर करून न्यायचं, आणि ते पुरवून वापरायचं. सगळी कसरत तिथंच!

*

पहिलं काम उमरग्यातच, एका दुमजली दवाखान्याचं. मी हैदराबादला सात वर्षं काचेच्या बिल्डिंगींवर काढली होती, त्यामुळं रुबाब मोठा. पण तिथं पाणी किती सोडायचं ते सुपरवायझर ठरवायचा, मी नुसता ब्रश फिरवायचो. इथं आल्यावर मी माझी अक्कल चालवली. जास्त पाणी म्हणजे जास्त सफाई! अर्धा इंची पाईप, दांडगी मोटर, कॉक फुल्ल!

काच धुतली गेली, पण खिडकीच्या पट्टीतून पाणी आत घुसलं. आत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ सलाईन लावून पडले होते. पाण्याची धार थेट त्यांच्या छातीवर. ते पडल्या पडल्याच ओरडले, "ओ शिस्टर! सलाईन हातात लावायचं असतंय, अंगावर न्हाय!"

मी धावत वर गेलो, डॉक्टरमॅडमपुढं हात जोडले. वाटलं, गेलं काम. त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. म्हणाल्या, "आतलं पुसून घ्या, आणि बाहेरचं पूर्ण करा. अर्ध्यात सोडून जाऊ नका."

मॅडमनी त्या दिवशी हाकलून दिलं असतं, तर मी परत हैदराबादची गाडी धरली असती.

*

त्या म्हाताऱ्या पेशंटचा डबा घेऊन त्यांचे धाकटे भाऊ आले होते. साठीचे, पांढरी टोपी, हातात पिशवी. भावाला कोरडं करून ते खाली उतरले आणि माझ्या पाईपाकडं बघत उभे राहिले.

"काय बघताय?"

"शेतात असं पाणी सोडलं असतं तर बापानं मला बांधावरनं हाकलला असता."

हे महादेवअण्णा! आयुष्यभर ठिबकची कामं केलेली, रान पोरांच्या हवाली केलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यापाशी हजर, खांद्यावर फवारणीच्या पाईपाचं कोरं करकरीत वेटोळं.

"काचंला पाणी पाजायचं नसतंय रं. आंगूळ घालायची असती."

मी तो बारका पाईप टाकीपासून थेट वरपर्यंत लावला. लांबी एवढी झाली की वर नुसते थेंब! अण्णा हसले. "कॅनॉलवरनं चारी काढावी, चारीवरनं पाट. कॅनॉललाच पाट लावतो व्हय?" मग टाकीपासून भिंतीपर्यंत जाड पाईप, तिथून वर बारका. मध्ये एक छोटा कॉक. आजही आमची जोडणी तीच आहे. हैदराबादला सात वर्षांत मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते ईटच्या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं.

*

कॉक किती उघडायचा याचं अण्णांचं स्वतःचं माप होतं. तांब्या धारेखाली ठेवायचा आणि तंबाखू मळायला घ्यायची. तंबाखू मळून, चुना झटकून गालात जाईपर्यंत तांब्या काठोकाठ भरला पाहिजे. आधी भरला तर पाणी जास्त. मळून झाली तरी रिकामा, तर पाणी कमी. मी एकदा मोबाईलवर मिनिटं लावून बघितली, माप अगदी बरोबर!

मग एके दिवशी अण्णांच्या नातीनं त्यांना तंबाखू सोडायची शपथ घातली. अण्णांनी पुडी फेकून दिली ती कायमची.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या कामावर आम्ही पोचलो. तांब्या ठेवला. अण्णांनी सवयीनं खिशात हात घातला, आणि हात तिथंच राहिला. तांब्या भरून वाहायला लागला. अण्णा माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं.

"बाळू," ते म्हणाले, "येसन सुटलं, पण माप बी सुटलं की रं!"

शेवटी कमलाक्कानं तोडगा काढला. अण्णांनी आता रिकामाच तळहात मळायचा. लोक विचारतात, "अण्णा, काय मळताय?" अण्णा म्हणतात, "पाणी."

*

कमलाक्का आधी एका कॉलेजात झाडलोट करायच्या. आम्ही त्या कॉलेजच्या काचा धुवायला गेलो आणि संध्याकाळी त्याच आमच्या कामातल्या चुका दाखवायला आल्या. "वरल्या कडंला ब्रश लागलाच न्हाय." बघितलं, तर खरंच नव्हता लागला! दुसऱ्या महिन्यापासून त्या आमच्यात.

अडचण अशी की मी बिल्डिंगच्या पुढं, अण्णा कॉकपाशी मागं. ओरडून घसा बसायचा. मोबाईल ओल्या हातातून दोनदा टाकीत गेला. अक्काचं माहेर मेंढपाळाचं. त्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या, दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली. लांब शीळ म्हणजे पाणी बंद, दोन बारक्या म्हणजे सोडा.

एकदा ईटच्या रस्त्याला काम होतं. अक्कानं लांब शीळ मारली आणि रस्त्यानं चाललेला मेंढरांचा अख्खा कळप जागीच थांबला! मागं जीप, जीपमागं ट्रॅक्टर, नुसते हॉर्न. मेंढपाळ गोंधळून गेला.

"बाई, माझी मेंढरं का थांबिवली?"

"म्या पाणी थांबिवलं दादा! तुमची मेंढरं लई गुणाची हायत!"

तेवढ्यात मी वर बघितलं. मेंढरं थांबली होती, पाणी मात्र चालूच! अण्णांना शीळ ऐकूच आली नव्हती.

*

मे महिना, उमरग्याचा हायवे, भर दुपार, एक गाड्यांचं शोरूम. तेव्हा आमचा पाईप काळा होता. सिमेंटवर पडून पडून तो तव्यासारखा तापला आणि मऊ पडला. जेवायला बसताना मी पुढचा कॉक बंद केला, मागची मोटर बंद करायला विसरलो. दाब वाढला, क्लिप सुटली, आणि पाईप सापासारखा उसळून शेजारच्या चहाच्या टपरीकडं वळला.

टपरीवर कर्नाटकातला एक ट्रक ड्रायव्हर चहा पीत उभा. सगळी धार त्याच्यावर! तो दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "साकु! साकु!"

चहावाला परंड्याकडचा, नवा. कानडीचा गंध नाही. तो साखरेचा डबा घेऊन धावला. "घ्या की मालक, किती पायजे तेवढी घ्या!"

कानडीत 'साकु' म्हणजे 'पुरे' हे अक्कानं सांगितलं, तोवर ड्रायव्हरच्या कपात दोन चमचे पडलेही होते! मोटर बंद करून मी माफी मागायला गेलो, तर ड्रायव्हर चहा पिऊन बघत होता. "आता बरा झाला," म्हणाला. मग त्यानंच मला क्लिप दुहेरी कशी आवळायची ते करून दाखवलं. ओल्या अंगानं, त्या उन्हात! त्याचं नावही विचारायचं राहिलं. पाईप मात्र आम्ही आता पिवळा वापरतो, आणि आधी मोटर बंद करतो, मग कॉक.

*

आता सोनारीचं सांगतो. परंड्याकडचं देवस्थानाचं गाव.

देवळाच्या वाटेवर एक नवीन लॉज झालंय, तीन मजली, पुढून सगळी काच. रविवार होता. गर्दी, ढोल, घंटा, काही ऐकू येत नव्हतं. लॉजसमोर, कडेच्या बोळाकडं तोंड करून, एक म्हातारी तिच्या रोजच्या जागी नारळ आणि हार विकत बसली होती. सकाळपासून ती आमचं काम बघत होती. "पाणी ह्या नळीतनंच वर जातंय व्हय?" असं तिनं अक्काला दोनदा विचारलंही होतं.

पुढची बाजू आटोपून मी कडेच्या बोळात वळलो. काठी पूर्ण लांब केली. तिथं कडुलिंबाचं झाड, फांद्या काचेवर आलेल्या. नजर काचेवरच्या डागावर. ब्रश डागाकडं सरकवला आणि पाणी बंद!

मी ओरडलो. पाणी येईना. अक्काची शीळ ढोलात बुडाली. वैतागून काठी खाली घेतली, भिंतीला टेकवली आणि पाईपाच्या कडेकडेनं चालत निघालो, कुठं मुरगळलाय ते बघायला.

बोळाच्या तोंडाशी ती म्हातारी जमिनीवर बसली होती. आमचा पाईप दुमडून दोन्ही मुठींत गच्च धरलेला. हाताच्या शिरा टरारून वर आलेल्या. हार मागं धुळीत पडलेले.

"आजी, काय करताय? सोडा की!"

तिनं पाईप सोडला नाही. "कवाची वराडतीय, तुला ऐकूच येईना," ती म्हणाली. "म्हणलं, पाणी थांबलं की येशील. वर बघ."

मी मागं वळून वर बघितलं. लिंबाच्या पाल्यात विजेची तार होती. उघडी. मघाशी माझा ब्रश होता तिथून हातभर.

मी तिच्याशेजारी तिथंच खाली बसलो. अण्णा धावत आले, त्यांनी वर बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. अक्कानं धुळीतले हार एकेक करून उचलले, झटकले.

मी म्हातारीचे पाय धरले. मग विचारलं, "आजी, तुम्हाला तार दिसली कशी? एवढ्या पाल्यात?"

तिनं मूठ सैल केली. पाईपातून पाणी सळसळत पुढं गेलं. त्याकडं बघत ती म्हणाली,

"मला ती तार रोज दिसती, लेकरा."