भुकूमच्या सायकलीतला तडा

मला बीएमएक्स सायकल हवी, असं घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा मोबाईल लांब धरून फोटो पाहिला आणि म्हणाले, "ही तर बारक्या पोराची हाय. येवढी घोडी झालीस, गुडघं हनुवटीला लागतील की." सगळे हसले. मीही हसले. आमच्या घरात मागणी मान्य व्हायची असेल तर आधी तिच्यावर हसू द्यावं लागतं.

ही सायकल बसून चालवायची नसतेच, हे त्यांना कसं सांगणार? चाकं वीस इंची, गिअर नाहीत, सीट नावापुरती. ती उडवायची असते. आमच्या गावात, माणमध्ये, आमची भातखाचरं होती तिथे आता प्लॉटिंगचे गुळगुळीत रस्ते आहेत आणि घर अजून एकही नाही. रविवारी आयटीतली पोरं-पोरी तिथे प्लायवूडचा उतार मांडून सायकली उडवायची आणि मी कडेला उभी राहून बघायचे. एकदा त्यांच्यातल्या एकीने मला तिची सायकल दिली. उतारावरून दोन्ही चाकं सुटली, आणि खाली आपटून कोपर सोलवटलं तरी मी लगेच पुन्हा चढले. बारावीच्या निकालानेही मला इतका आनंद दिला नव्हता.

"दादाला इचार," अप्पा शेवटी म्हणाले. "त्यो म्हनंल ती घिऊ."

म्हणजे झालंच काम, असं मला वाटलं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. पिरंगुटला फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट आणि ग्रिल बनवतो, लोखंडाची त्याला नस माहीत. मला पोहायला त्यानेच शिकवलं. विहिरीत तो "सोड" म्हणाला की मी दोर सोडायचे. घाबरायचे, पण सोडायचे.

दुकानातली पहिली सायकल चकचकीत होती, स्टिकर, मडगार्ड, स्टँड, सगळं होतं. दादाने तिचं पुढचं चाक उचललं, खाली सोडलं आणि तोंड वाकडं केलं. "नुसतं जड लोखंड हाय. चार उड्यांत वाकंल." ऑनलाइन एक स्वस्त दिसली, तर तिचा पेडलचा दांडा एकाच तुकड्याचा निघाला. "ह्यो वाकला की तू पडलीस. तीन तुकड्यांचा पायजे." मी दिवसभर रुसून बसायचे आणि मग पटायचं, की त्याचंच बरोबर आहे. चांगली नवी आमच्या आवाक्यातली नव्हती. नव्या भंगारापेक्षा जुनी मजबूत बरी, असं आमचं दोघांचं ठरलं. जुनी घ्यायची तर वेल्डिंग तपासायचं, हेही त्यानेच शिकवलं. हँडलखाली नळ्या जिथे जोडलेल्या असतात, तिथे नख फिरवायचं. तडा असला तर नख अडकतंच.

तशी एक जुनी भुकूमला एका नव्या सोसायटीत विकायला होती. तिचा मालक नांदेडकडचा, आयटीत काम करणारा. मनगट मोडलं म्हणून त्याने उड्या सोडल्या होत्या. काळी, हलकी, क्रोमोली नावाच्या मजबूत पोलादाची फ्रेम, आणि वरची नळी माझ्या उंचीला पुरेल अशी लांब. अप्पांनी हो म्हटलेल्या पैशांत बसत होती. मी पार्किंगमध्ये एक चक्कर मारली आणि मनातल्या मनात ती घरी आणून लावलीसुद्धा.

दादा उकिडवा बसून बराच वेळ नख फिरवत राहिला. मग "घरी इचारून सांगतो" म्हणाला आणि मला गेटपाशी घेऊन आला. "तडा हाय. हँडलच्या खाली, केसायेवढा. त्याच्यासमोर बोललो न्हाई, बरं दिसत न्हाई."

मोबाईल विसरल्याचं सोंग करून मी परत गेले. तिथे एक काळी रेघ होती. नख अडकलं की नाही, कोण जाणे.

"दिसला?" दादाने विचारलं.

"दिसला," मी म्हणाले. मला खरंच दिसला होता. परत येताना गाडीवर मी त्याच्या पाठीला डोकं टेकून रडले.

दिवाळी तोंडावर आली आणि माझ्या मनात भलतंच आलं. ती सायकल दुसऱ्या कुणी घेतली, उडवली आणि फ्रेम मोडून दात पडले तर? आपल्याला माहीत असून आपण गप्प बसायचं? कॉलेज सुटल्यावर मी रिक्षाने भुकूमला गेले आणि त्या माणसाला सगळं सांगितलं. तो बिचारा घाबरलाच. त्याने सायकल उजेडात आणली, फडक्याने पुसली. काळी रेघ ग्रीसची होती, ती फडक्यावर आली. मी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. कुठेही अडकलं नाही.

"पण तुमच्या दादांचा त्याच संध्याकाळी फोन आला होता," तो म्हणाला. "घरच्यांना मुलीसाठी अशी सायकल नकोय म्हणाले. मी ती दुसऱ्याला द्यायचं कबूल केलंय आता. उद्या नेणार आहेत."

घरी आई शंकरपाळे तळत होती. तिने काही लपवलंसुद्धा नाही. "आमीच सांगितलं त्याला. पडलीस, तोंडावर वण आला, तर उद्या बगायला येनारी मानसं काय म्हनतील? आमचं तू ऐकती व्हय? त्याचंच ऐकती."

अप्पा सरळ नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, जेवले नसते, आणि कदाचित हरलेही असते. ते चाललं असतं. पण नाही म्हणायला त्यांना माझा दादाच सापडला, आणि तो तयार झाला. फसवलं मला त्याने. तेही त्यानेच शिकवलेल्या गोष्टीने. नसलेला तडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, कारण तो म्हणाला होता.

भाऊबीजेला त्याने अंगणात नवी सायकल आणून उभी केली. लेडीज, आकाशी रंगाची, पुढे बास्केट, हँडलला लाल रिबीन. "कशी हाय?" सगळे माझ्याकडे बघत होते.

मी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. वाकून हँडलखालच्या जोडावर सावकाश नख फिरवलं, अगदी त्याने शिकवलं होतं तसं. मान वर केली तेव्हा दादाचं हसू गेलं होतं.

"हिला न्हाई तडा," मी म्हणाले.

"नव्या सायकलीला कुटला आलाय तडा!" अप्पा मोठ्याने हसले. दादा खाली मान घालून पाटावर जाऊन बसला. मी ताट उचललं आणि त्याला ओवाळलं. दिवा त्याच्या तोंडासमोरून फिरवला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.