आप्पांचा टॉवेल

निपाणीच्या स्टँडवर गाडी लागायच्या आधीच आमचे वडील, आप्पा, खिडकीकडे धावायचे. खांद्यावरचा टॉवेल आत टाकला की सीट आपली. लग्नानंतर मी मुंबईला निघाले, तेव्हाही तसंच. एक जाडजूड गृहस्थ त्यावर बसायला लागले, तर माझी थोरली बहीण, आक्का, खालून म्हणाली, "ओ पावणं, टॉवेल दिसंना व्हय?" ते मुकाट्यानं उठले. मी बसले आणि कोल्हापूर येईपर्यंत रडले.

मुंबईत एका लॅबमध्ये काचसामान धुवायला लागले. शाळा चौथीपर्यंतच, पण बाटल्यांवरची लेबलं अक्षर अक्षर लावत इंग्रजी वाचायला शिकले बघा. 'रिसेप्टर' तिथंच कळलं. म्हणजे पेशीतली हार्मोनची बसायची जागा. हार्मोन बसलं की काम सुरू. आमचे सर ती जागा आधीच अडवणारी औषधं शोधायचे. काही बसायचीच नाहीत, काही बसून हार्मोनचंच काम करत सुटायची. सर कपाळाला हात लावायचे.

ऐंशी सालानंतर आक्काच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरच. मुंबईला आणून ऑपरेशन केलं. गाठीचा तुकडा लगोलग बर्फात ठेवून तपासायला गेला. गाठ अंगातल्या हार्मोनवर वाढणारी, म्हणजे त्यात रिसेप्टर असले, तरच ती जागा अडवणारी गोळी लागू पडणार होती.

रिपोर्टची वाट बघताना आक्का म्हणाली, "माझंच अंग गाठीला पोसतंय व्हय गं?"

"व्हय. पण तिथं सीटा असल्या, तर आप्पांचा टॉवेल टाकता येतोय."

टाके दुखेपर्यंत हसली. मग हळूच म्हणाली, "असू देत गं सीटा."

होत्या. गोळी सुरू झाली. पुढं गावी गेले की जेवताना मी विचारायची, टॉवेल टाकला का? ती जीभ काढून गोळी दाखवायची. लेकीचं, सुमीचं लग्न तिनं नाचून केलं, नातवाला पाळण्यात घातलं. मग दुखणं हाडात उतरलं. टॉवेल बाजूला सारून अखेर कुणीतरी बसलंच. आक्का गेली.

तुम्ही गावाकडं राहिलेली माणसं मला विचारता, आता घर कुठलं? काय सांगू? हल्ली तिकिटावर सीटचा नंबर असतो. तरी निपाणीहून परत निघताना सुमी गुडघे धरत गाडीत चढते आणि माझ्या सीटवर रुमाल टाकते.

"अगं, रिझर्वेशन हाय."

"असू दे की, मावशी."

मला जायलासुद्धा जागा धरून देणारं माणूस जिथं आहे, ते माझं घर.