पातेलं उलटं करून बघणारी माणसं

मी जर्मनीला निघालो त्या दिवशी धारूरच्या बसस्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला होता. माझा फोटो पासपोर्टएवढा, शुभेच्छुकांचे त्याच्या तिप्पट. शाल, नारळ, फेटा आणि तीन भाषणं झाली. एका वक्त्याने मला तालुक्याचं भूषण म्हटलं. त्याआधी त्याने माझं नाव शेजारच्याला विचारून घेतलं होतं. माझे वडील आप्पा मंडपाच्या खांबाला टेकून डोळे बारीक करून ऐकत होते. बस लागल्यावर ते माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "एवढं कौतुक करायलेत, म्हंजी तू परत यावं असं ह्यातल्या कुणालाच वाटंना."

हे मत दुकानातलं. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. 'लई छान हाय हो' असं म्हणणारं गिऱ्हाईक पातेलं फळीवर ठेवून निघून जाणार, हे आप्पांना आधीच कळतं. त्याच्यासाठी ते पंखाही लावत नाहीत. खरं गिऱ्हाईक पातेलं उलटं करतं, बोटाने वाजवतं, बुडाला पोचा शोधतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बाया असं बघतात. फडावरच्या पाचटाच्या कोपीत सहा महिने त्याच पातेल्यात शिजवायचं असतं. "पत्रा पातळ हाय, कडा कापायली," असं त्या म्हणायला लागल्या की आप्पा चहा सांगतात. गल्ल्याशेजारी बसून मी एवढं एकच शास्त्र नीट शिकलो. मी धातूंचं शिकायला चाललोय म्हटल्यावर, भांडी वाजवायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं आप्पांनी विचारलं होतं. याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

तुमच्यापैकी जे पुण्याला किंवा त्याहून लांब गेलात त्यांना माहीत असेल, नव्या गावात सगळे फार छान बोलतात. जर्मनीत माझं नाव छान होतं, माझं इंग्रजी छान होतं, आईने बरोबर दिलेली कपिलधार देवस्थानच्या विभूतीची वडीसुद्धा 'इंटरेस्टिंग' होती. इतकं कौतुक करून कुणी घरी मात्र बोलवत नव्हतं. मी मनात म्हटलं, ही सगळी फळीवर परत ठेवणारी माणसं.

विद्यापीठाने दिलेली तात्पुरती खोली सहा आठवड्यांत सोडायची होती. पत्ता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर माणूस कागदोपत्री तिथे नसतोच. तिकडे तीन-चार अनोळखी विद्यार्थी एक घर वाटून राहतात, त्याला 'वेगे' म्हणतात. एक खोली रिकामी झाली की राहणारे उमेदवारांना चहाला बोलावतात आणि पसंत करतात. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमासारखाच प्रकार, फक्त पाटावर मी.

पहिली खोली मला बघताक्षणी आवडली. पूर्वेची खिडकी, खिडकीत चेस्टनटचं झाड. मग ज्याला खोली खरंच हवी असते तो जे करतो ते सगळं मी केलं. भिंत बोटाने वाजवली, कोपऱ्यात ओल आहे म्हणालो. खण पूर्ण बसत नाही हे दाखवलं. नळ सोडून बघितला आणि पाण्याला जोर नाही, असं सांगितलं. तिघेही हसून मान डोलवत होते. निघताना म्हणाले, तुला भेटून खूपच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नकार आला, तोही कौतुकासह.

अशी चार घरं झाली. जितकी खोली जास्त आवडायची तितके मी दोष जास्त काढायचो. माझा संशय आधी रंगावर गेला, मग नावावर, मग मी खातो त्या लसणाच्या चटणीवर. एखाद्या घरी तो खराही असेल. ते मला आजही ठरवता येत नाही.

पाचव्या दारात कात्या नावाची, सर्दीने नाक लाल झालेली नर्सिंगची विद्यार्थिनी उभी होती. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट बाहेर. आणि जिन्यात फोनवर तू इतका ओरडत होतास की आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं."

मी आईशी बोलत होतो. पण सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझे खांदे सैल झाले. ही बाई पातेलं उलटं करत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं की सिंकखालचा पाइप गळतोय. ती म्हणाली, माहीत आहे, तुला दुरुस्त करता येतो का? येत होता. खोली मिळाली.

पुढे एकदा भांडी पुसताना मी तिला त्या चार घरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, तुला खोली आवडलीच नाही." मी पुसलेलीच ताटली पुन्हा पुसली. दोष काढणाऱ्याला राहायचं नसतं, असं तिकडचं शास्त्र. आधी चांगलं ते बोलावं, मग पुन्हा चांगलं बोलावं, आणि दोष नंतर कधीतरी ईमेलने कळवावा. मी शिकलो. दिवसातून चार वेळा 'सुपर' म्हणू लागलो. मग वाढदिवसांची आमंत्रणं आली, रविवारच्या भटकंत्या झाल्या, मित्र झाले. त्यातले काही खरे असावेत.

दोन वर्षांनी घरी आलो. आईने मला दुकानातला नवा पेला काढून पाणी दिलं, त्याचं लेबलही निघालं नव्हतं. आप्पांनी माझ्या शर्टाला चांगला म्हटलं. मी केलेल्या चहाला चांगला म्हटलं. कपिलधारला जाताना जीपमध्ये मला पुढच्या सीटवर बसवलं. ज्या माणसाने माझ्या अक्षरात, चालण्यात आणि सुतळीच्या गाठीतसुद्धा खोट काढली होती, तो आता म्हणत होता, "तू म्हणशील तसं." मला भीती वाटली. आप्पांनी मला फळीवर परत ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी दुकानात बसलो होतो. आप्पांनी नवी मांडणी केली होती. मी म्हणालो, "आप्पा, मांडणी लई छान झालीय." त्यांनी डोळे बारीक केले, सत्काराच्या दिवशी केले होते तसेच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आल्यापासून मी हेच करत होतो. भाजी छान, रंग छान, सगळं सुपर. परत न येणारं गिऱ्हाईक मीच होतो, आणि आप्पा फक्त पाहुण्याशी वागायची रीत पाळत होते.

मी उठलो, वरची फळी वाजवली. म्हणालो, "ही वाकडी बसलीय. डावीकडचा खिळा भिंतीत गेलाच न्हाई. वजन आलं की खाली येईल."

आप्पांनी आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "लई कळतंय का तुला? आन् ते केस कावून वाढवलेत? ती बॅग आणलीस, तिची चेन हलकी हाय. परत जाईपर्यंत टिकायची न्हाई."

आणि त्यांनी चहा सांगितला.

चेन विमानतळावर तुटली. परवा आप्पांचा फोन आला. 'बरा आहेस का' वगैरे काही नाही. "ती फळी पडली. तवाच ठोकून कावून न्हाई गेलास?"

गावात सुतार आहेत. आप्पांच्या हातातही हातोडी नीट बसते. पण आई सांगते, वरची पातेली त्यांनी जमिनीवर उतरवून ठेवलीत, आणि फळीला कुणाला हात लावू देत नाहीत.