पांढऱ्या बाहीतलं काळं घड्याळ

लातूरच्या आडत बाजारात अण्णारावांना ओळखायला चेहरा बघावा लागत नाही. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दिवसभर तुरीच्या पोत्यांमधून फिरूनही या माणसाला धूळ कशी लागत नाही, हे कोडं हमालांना अजून सुटलेलं नाही. काळ्या रंगाशी त्यांचं वाकडंच. कुणी तरण्यानं काळा शर्ट घातला की म्हणत, "काय रे, कुणाची दृष्ट काढायला निघालास?"

असा हा माणूस साठीत प्रेमात पडला, तेही एका काळ्या घड्याळाच्या.

लेकीला, दामिनीला, भेटायला ते नांदेडला गेले होते. जुन्या घड्याळाचा पट्टा तुटला म्हणून ओळखीच्या बिलालच्या घड्याळाच्या दुकानात शिरले, तर काचेच्या कपाटात हे बसलेलं. चौकट काळी, पट्टा काळा, तबकडी काळी, काटेसुद्धा काळेच.

"यात वाजले किती ते कळावं कसं?" अण्णारावांनी विचारलं.

बिलालनं ते त्यांच्या हातात ठेवलं. "अण्णा, जरा उजेडाकडं कलवा."

कलवलं, आणि आकडे वर आले. नांगरलेल्या काळ्या रानात ढेकूळ उन्हानं चमकावं, तसे. कडेला ठसठशीत खाचा, वर दणकट स्क्रू, आणि वजन असं की हातात घेतल्यावर माणसानं नीट उभं राहावं. सोन्याचा मुलामा नाही, खडे नाहीत. तरी बाकीची घड्याळं त्याच्यापुढं वरातीतल्या बँडवाल्यांसारखी दिसायला लागली.

अण्णारावांना ते हवं होतं, अगदी पोटातून. पण घालणार कसं? बाजार महिनाभर हसला असता आणि बायकोनं, शिवकांताबाईंनी, घरातच घेतलं नसतं. तेवढ्यात जावई आठवला. अमरेशची ही लग्नानंतरची पहिली संक्रांत. सणाला काळं चालतं ते त्या एकाच दिवशी, आणि जावयाला काहीतरी द्यायचंच असतं. "जावयासाठी पाहिजे," म्हणत त्यांनी घेऊन टाकलं. घासाघीस केली नाही. त्यांना ओळखणाऱ्या बिलाललाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

घरी येऊन ते शिवकांताबाईंना म्हणाले, "नवी वस्तू हाय. चालतंय का न्हाई बघावं लागंल."

मग ते रोज बघू लागले. बाही मनगटापर्यंत ओढून आडतीवर बसायचं. आजूबाजूला कुणी नसलं की बाही वर, मनगट उजेडाकडं. वेळ न बघताच बाही खाली.

संक्रांत जवळ आली तसं त्यांना अन्न गोड लागेना. "चालतंय का वो?" शिवकांताबाई विचारत. "अजून खात्री न्हाई," ते म्हणत.

सणादिवशी दामिनी काळ्या साडीत आणि अमरेश काळ्या कुडत्यात पाटावर बसले. शिवकांताबाईंनी जावयाच्या गळ्यात हलव्याचा हार घातला, मनगटावर हलव्याचंच पांढरंशुभ्र घड्याळ बांधलं. मग अण्णारावांनी डबी पुढं केली. अमरेशला ती त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घ्यावी लागली.

त्यानं घड्याळ फिरवून पाहिलं. कडेच्या प्रत्येक खाचेत काहीतरी पांढरं भरलं होतं. बोट लावलं, तर विभूती! अण्णाराव रोज पूजेत कपाळाबरोबर दंडाला, मनगटालाही विभूती लावत, आणि तेव्हाही घड्याळ काढायला त्यांचं मन झालं नव्हतं.

"मामा, हे तर रोज पूजेला बसून आलंय की!"

जमलेल्या बायका खो खो हसल्या. अण्णारावांचे कान लाल झाले. "चालतंय का बघायलो होतो," ते पुटपुटले.

"मग, चालतंय का?"

"लई झकास चालतंय, बापू," घड्याळावरची नजर न काढता ते म्हणाले.

अमरेशनं हलव्याचं घड्याळ वर करून दाखवलं. "मला हे हाय की, मामा."

शिवकांताबाईंनी त्याच्या हातातलं काळं घड्याळ घेतलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "द्या हात हिकडं. संक्रांतीला काळं चालतंय. आजच्या दिवस घाला, उद्या काढायचं."

"हाव," अण्णाराव म्हणाले.

आता पाडवाही होऊन गेला. अण्णाराव बाही कोपरापर्यंत दुमडून आडतीवर बसतात. रोज सकाळी शिवकांताबाई विचारतात, "संपली का न्हाई वो तुमची संक्रांत?"

अण्णाराव मनगट उजेडाकडं कलवतात, बराच वेळ बघतात आणि सांगतात, "अजून हाय थोडी."