बोडीतल्या थैल्या

मोरचुदाच्या थैल्या बोडीत, म्हणजे गावाजवळच्या लहान तळ्यात, टांगायच्या, काम एवढंच होतं. चांद्याकडच्या गुरांच्या दवाखान्यात मी तेव्हा नवीन होतो. कपाळाला आठ्या घालायची सवय मला त्या वर्षी लागली, ती अजून सुटलेली नाही.

वैनगंगेकाठच्या त्या धानाच्या गावात हेले, म्हणजे नांगराचे रेडे, खंगत होते. जबड्याखाली पाण्याची सूज यायची, मग हगवण लागायची, आणि खाली बसलेला हेला पुन्हा उठायचा नाही. रोगाचं मूळ बोडीतल्या बारक्या गोगलगायींत होतं. त्यांच्या अंगातून निघालेले किडे काठच्या गवताला चिकटतात आणि गवताबरोबर जनावराच्या यकृतात जातात. म्हणून गोणपाटाच्या थैलीत मोरचुदाचे खडे भरून ती बांबूला बांधायची आणि पाण्यात सोडायची. खडे हळूहळू विरघळतात, गोगलगायी मरतात.

हे सारं मी घसा बसेस्तोवर सांगितलं. माना डोलल्या, पण डोळे कोरेच. शेवटी वैतागून म्हणालो, "या थैल्या तुमच्या जनावरांना वाचवतील, बस!" गावानं नेमकं तेवढंच ऐकलं.

पुढच्या खेपेला बोडीत नुसते बांबू उभे. थैल्या गोठ्यांच्या दारांवर लटकत होत्या! पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या लावणारं गाव ते. रोग अडवायची वस्तू दारातच हवी, यात कुणाला शंका नव्हती.

"इलाज हेल्यायले पायजे, अन् तुमी पाण्यात काऊन टांगून राह्यले?" एका म्हातारीनं विचारलं. "पाणी का बिमार हाय?"

"हो बाई, पाणीच बिमार आहे!" मी ओरडलो. सगळे हसले. तिला मात्र हसू आलं नाही. नवरा गेल्यापासून तिची सारी शेती एका हेल्याच्या जोडीवर होती आणि त्यातल्या थोरल्याला सूज आली होती. मी दारोदार फिरून थैल्या सोडवल्या, पुन्हा बोडीत बांधल्या आणि हे जहर आहे, हात लावू नका, असं बजावलं.

"दवाई म्हनता, मंग जहर म्हनता," ती पुटपुटली. "एक काईतरी सांगा ना, भाऊ."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! मी चरफडत सायकलवर बसलो.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत पुन्हा गेलो. बोडीत एक थैली कमी होती. शेजारची बांधी, धानाचं खाचर, चिखलून तयार, म्हातारीची तशीच पडलेली. सरळ तिच्या गोठ्यात शिरलो. एक खुंटा रिकामा होता. दुसऱ्यावरचा हेला मान लांबवून काहीतरी चाटत होता. गव्हाणीवर, त्याच्या तोंडाशी, माझी थैली बांधलेली. त्याची जीभ निळी झाली होती.

"थोरला गेला," ती म्हणाली. "चूक माहीच झाली, भाऊ. दारावर उंच बांधली होती, त्याचं तोंड पोहचे नाई. खाली घेतली तवा लय उशीर झाला होता. चाटला, पर कमी पडली."

"बाई, हे जहर आहे, सांगितलं होतं ना मी!"

"रोगाले जहरच लागते ना," ती शांतपणे म्हणाली. "म्हून याले पयलेपासून खालीच बांधली."

मी थैली ओढली. गाठ सुटेना. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

"ते नेऊ नका, भाऊ," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता एवढा एकच राह्यला मले."