डोकं गेलं दुसऱ्या जिल्ह्यात

आमच्या नर्सिंगच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणाच्या घरी बाळ झालं की अभिनंदन घडीभर, मग जुने किस्से निघतात ते थांबतच नाहीत. एकीनं सांगितला की दुसरी म्हणते, मी काऊन मागं राहू! परवा वंदनाला मुलगी झाली. मग काय, ग्रुपवर जत्राच भरली!

वंदना आदिलाबादजवळच्या मावल्याची. वडिलांचं भाजीचं दुकान. बालरोगाच्या प्रॅक्टिकलमध्ये ती एकदा नापास झाली होती, तेव्हा बापानं बजावलं, "या खेपेला पास झाली तं नर्स. नाही तं दुकानात बस अन् टमाटे निवड!" वंदनाला नर्सच व्हायचं होतं. टमाटा तर तिला भाजीतही चालत नसे.

* * *

आम्ही शिकत होतो तेव्हाच तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कपाटं, खुर्च्या, ट्रे, सगळ्याची वाटणी. बाळाची अंघोळ शिकायला आमच्याकडं एकच रबरी बाहुली. तिचं डोकं निघायचं. पेटी भरणाऱ्यानं धड ठेवलं इकडं आणि डोकं पाठवलं पलीकडच्या नव्या जिल्ह्यात!

आता अंघोळीत सगळ्यात आधी बाळाचे डोळे पुसायचे असतात. आमची गाडी तिथंच अडली. आमच्या ट्यूटर राजम्मा सिस्टर तेलुगू, पण मराठी एकदम फर्डी. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पुसा, पुसा! बाळ इथंच आहे, डोकं तेवढं ट्रान्सफरवर गेलं!"

* * *

बोथच्या बाजूच्या एका गावात बाळांची वजनं करायला गेलो. झाडाला काटा टांगला, झोळी लावली, पण एकही आई पुढं येईना. वजन केलं की पोराला नजर लागते म्हणे!

एक म्हातारी म्हणाली, "आदी तुमच्या म्याडमचं करा. त्याईले काही झालं नाही, तं आमी पोट्टं देतो."

सिस्टरांना झोळीत कसं बसवणार! शेवटी आयांसाठी आणलेला उभं राहायचा काटा होता, त्यावर त्या चढल्या. म्हातारीनं आकडा विचारला, सिस्टरांकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ओरडली, "हिले कोनाची नजर लागते, माय! घ्या वो, आमचं पोट्टं आदी घ्या!"

* * *

माझी फजिती तर दर महिन्याला निघते. बाजारहत्नूरला एका पोराला जुलाब लागले होते. मी ओआरएसचं अख्खं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून दाखवलं, थोडं थोडं पाजा म्हणून त्याच्या आईला सांगितलं. संध्याकाळी जाऊन पाहते तो भांडं रिकामं.

"पाजलं ना वहिनी?"

"पाजलं ना! कापूस येचून आले होते सारे, गोड लागलं त्याईले. याच्या बापाले तं लई तरतरी आली!"

"अन् पोराला?"

"त्याच्यापावतर पोचलंच नाही वो!"

मग मीच दुसरं पाकीट कालवलं आणि चमचा घेऊन पोरापाशी ठाण मांडून बसले.

* * *

आता वंदनाचा किस्सा. प्रत्येकीला एकेक मूल दिलं होतं. ते कधी बसतं, कधी रांगतं, कधी चालतं, त्यावर लक्ष ठेवायचं. वंदनाला मिळाला सोन्या. नवसाचं पोर! पहिलं पाऊल जत्रेत देवीच्या पायरीवरच टाकायचं, तोवर पाय जमिनीला लावायचा नाही, हा त्याच्या आजीचा नवस. त्यामुळं साहेब कायम कुणाच्या तरी कडेवर.

सोन्या सव्वा वर्षाचा झाला. वंदना दर वेळी विचारायची, "आजी, जमिनीवर चालला का?"

"नाही वं बाई."

डॉक्टरांनी तपासलं, पाय ठीक आहेत म्हणाले. तरी वंदना हॉस्टेलवर येऊन रडायची. "त्याच्यात काही दोष असला अन् मलेच नाही समजला, तं?" फार वाईट वाटायचं आम्हाला तिचं.

प्रॅक्टिकलला बाहेरच्या एक्झामिनर बाई आल्या. त्यांनी टॉवेल उचलून बाहुली पाहिली, गप्पकन परत झाकली. "खरं मूल आणा!"

नेमका त्या दिवशी वॉर्डात खोकल्यासाठी आलेला कोण? सोन्या, आजीसकट!

बाई वंदनाला म्हणाल्या, "चालवून दाखव."

वंदनाचा चेहरा उतरला. नवस सांगितला, म्हणाली, "मॅडम, याला अजून जमीनच मिळाली नाही."

"जमिनीले पाय लावू देनार नाही!" आजी कडाडली.

बाईंनी भुवया वर केल्या. आम्ही दारात देवाचं नाव घेत उभ्या. टमाटे दिसायला लागले होते! वंदनानं इकडं तिकडं पाहिलं, ती बिनडोक्याची बाहुली बाजूला सारली आणि टेबलावर चादर अंथरली. "आजी, ही जमीन नाही. टेबल हाय."

आजीनं विचार केला. "टेबलाले चालते."

सोन्याला उभं केलं. दोन्हीकडून हात धरायला वंदना सरसावते तोच हा पठ्ठ्या तुरुतुरु निघाला, पार दुसऱ्या टोकाला पोचला आणि त्यानं एक्झामिनर बाईंचा चष्माच ओढला!

"पास!" चष्मा सोडवत बाई म्हणाल्या.

वंदना सोन्याला पोटाशी धरून हमसून हमसून रडायला लागली. "आजी, चालला वो! आपला सोन्या पयल्यांदा चालला!"

"पयल्यांदा कायचा वं?" आजी म्हणाली. "घरी खाटेवर तं कवाचा पळून राह्यला. तूच हरखेपी जमिनीचं इचारे!"