कच्चं लिंबू

हुतूतूत मला धरणं सोपं नव्हतं. स्वतःची बढाई नाही. आमच्या पिंप्राळ्याची पोरं तेव्हा तसंच म्हणायची. मी चढाईला निघालो की समोरचे आधीच एकमेकांचे हात घट्ट धरायचे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मला वाटायचं, मीही कुणाच्या हाती लागायचा नाही.

एका संध्याकाळी लागलो. चार-पाच जण अंगावर पडले आणि कोपराचं हाड मोडलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आमची केळीची बाग होती. आबांनी केळीच्या खांबाचं ओलं सोपट, म्हणजे सालीचा लांब पट्टा, सोलून आणलं, बांबूच्या कामट्या लावल्या आणि हात करकचून बांधला. घड बांधायलाही ते हेच सोपट वापरायचे. ओलं असताना मऊ वळतं आणि वाळलं की आवळतं, म्हणूनच. हे आबांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण लेकाच्या हाताला ते घट्टच हवं, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

ऊन वैशाखाचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोपट वाळून कडक झालं आणि मी ओरडायला लागलो.

"याना बोटं काया पडनात. जरा ढिलं करा ना," माझी काळी पडलेली बोटं बघून आई म्हणाली.

"दुखी राह्यनं म्हणजे हाड धरी राह्यनं," आबा म्हणाले. शेजारच्यांनीही मान डोलावली. मग मी रडलो की हाड जुळतंय म्हणून सगळ्यांना बरंच वाटायचं. इतकी माणसं भोवती असून मी इतका एकटा पुन्हा कधी पडलो नाही.

बोटांतली जाणीव गेली आणि मी रडायचा थांबलो, तेव्हा आबा घाबरले. बैलगाडी जुंपून त्यांनी मला जळगावच्या दवाखान्यात नेलं. बाकावर आणखी दोन पोरं होती, एकाचा पाय वाकडा, एकाचा मनगटातून हात. दोघांचंही खेळतानाच मोडलेलं. देवीची लस टोचायला माणसं घरोघर यायची; खेळात मोडलेल्या पोराची चौकशी करायला कधी कुणी आलं नाही. पडलं, मोडलं, आपोआप जुळेल, एवढंच.

डॉक्टरांनी सोपट कात्रीनं कापलं. आबांकडे बघून म्हणाले, "लवकर सोडायला हवं होतं." हाड जुळलं, पण बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. आबा रोज तेल लावून एकेक बोट सरळ करायचे. सोडलं की ते परत मिटायचं.

पुढे कितीतरी संध्याकाळी मी ओट्यावर बसून पोरांचा गलका ऐकला. मनात एकच होतं, पुन्हा चढाईला जायचं.

शेवटी पोरांनीच हाक मारली. "चाल ना भो, तू कच्चं लिंबू!"

कच्चं लिंबू म्हणजे खेळात असून नसलेला. त्याला कुणी बाद करत नाही, त्याचा गुण कुणी धरत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरांना तसं घ्यायचे. तरी मी गेलो. दम धरला, रेघ ओलांडली.

"त्याले धरू नका रे!" कुणीतरी ओरडलं. समोरच्यांनी एकमेकांचे हात सोडले आणि मला वाट करून दिली.

मी पार मागच्या रेघेपर्यंत गेलो. हुतूतू, हुतूतू म्हणत तिथंच उभा राहिलो. दम संपला, आवाज बंद झाला, तरी कुणी हात लावला नाही. मग मी त्यांच्या मधून चालत परत आलो.